साबणाचा रकाना

२३ सप्टेंबर २०२४, सोमवार

कॉलेजच्या प्रकल्पाच्या विषयावर मॅडमची सही झाली. सार्वजनिक स्वच्छतागृहातल्या हात धुण्याच्या सवयी. गटात दोघंच. मी राधानगरी तालुक्यातली, होस्टेलवर राहणारी. तो इथलाच, कोल्हापुरातल्या राजारामपुरीचा, दुपारचा डबा घरून आणणारा. बायकांची बाजू माझ्याकडे, पुरुषांची त्याच्याकडे. आत डोकावायचं नाही, फक्त बेसिनजवळचं बघायचं आणि वहीत रेघ मारायची. ठिकाणं तीन: अ, ब आणि क. नावं कुठंच लिहायची नाहीत, असं मॅडमनी बजावलंय. अ पैसे घेऊन चालतं, ब फुकटचं आहे, क खाण्याच्या गाड्यांच्या गल्लीत आहे. एवढी ओळख पुरे.

फॉर्मचे रकाने: वेळ, अंदाजे वय, पाणी लावलं का, साबण लावला का, किती सेकंद, हात कशाला पुसले. शेवटचा रकाना त्यानं सुचवला आणि मी मान डोलावली. ‘पार्श्वभूमी: शहरी/ग्रामीण (पेहरावावरून)’. गृहीतकही तसंच लिहिलं की शहरी, शिकलेली माणसं जास्त वेळा हात धुतात. लिहिताना दोघांनाही काही खटकलं नाही, म्हणून इथं मुद्दाम नोंदवतेय.

२५ सप्टेंबर, बुधवार

दिवसभर लायब्ररी. वाचलेल्यातलं कामाचं तेवढं:

अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या लोकांनी २०१३ साली छापलेला अभ्यास आमच्यासारखाच, लपून बघण्याचा. ३,७४९ माणसं. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त वेळ हात धुणारी फक्त ५ टक्के. पुरुषांतले १५ टक्के आणि बायकांतल्या ७ टक्के बेसिनकडे वळल्याच नाहीत. निदान वीस सेकंद धुवा, असं आरोग्यवाले सांगतात. तिथली सरासरी सहा सेकंदांची. हे सगळं कॉलेजच्या गावातलं, म्हणजे ‘शिकलेली माणसं’.

लंडनच्या स्वच्छता-आरोग्य संस्थेनं महामार्गावरच्या विश्रांतीस्थळांत सेन्सर लावून मोजलं (२००९). जवळजवळ दोन लाख फेऱ्या. साबण वापरणारे पुरुष ३२ टक्के, बायका ६४ टक्के. दारावर वेगवेगळे संदेश झळकवून बघितले. त्यात ‘शेजारचा माणूस साबण लावतोय का?’ हा प्रश्न चांगलाच चालला. जंतूंपेक्षा शेजाऱ्याची भीती मोठी, हे सांगायला लंडनला जायची गरज नव्हती. आमच्या गल्लीतली कुठलीही काकू सांगेल.

२०१५ च्या विन-गॅलपच्या पाहणीत संडासला जाऊन आल्यावर आपसूक साबणानं हात धुतो म्हणणारे तुर्कस्तानात ९४ टक्के आणि नेदरलँड्समध्ये ५०. तो म्हणाला, “उलटं छापलंय का बघ गं.” उलटं छापलेलं नाही. अर्थात लोकांनी स्वतःच सांगितलेले आकडे हे. मोजायला कुणी बेसिनपाशी उभं नव्हतं.

आपल्याकडचे आकडे राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७६ व्या फेरीत (२०१८) मिळाले. शौचानंतर साबणानं हात धुणारी घरं ७४.१ टक्के, जेवणाआधी मात्र ३५.८. जेवणाआधी नुसत्या पाण्यानं धुणारीच जास्त. आमच्या घरातही तेच. मोरीत जाऊन चूळ भरायची, हात ओले करायचे, पाटावर बसायचं.

नुसतं पाणी म्हणजे काहीच नाही, असंही नाही. २०११ चा एक छोटा प्रयोग आहे. वीस जणांना दाराच्या मुठी आणि कठडे हाताळायला लावले आणि मग त्यांच्या हातांवर विष्ठेतून येणारे जंतू सापडतात का ते तपासलं. न धुतलेल्या हातांच्या ४४ टक्के नमुन्यांत सापडले, नुसत्या पाण्यानंतर २३, साबणानंतर ८. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलकटपणाला. हात चोळले की मळासकट जंतू सुटून वाहून जातात. मरतात कमी, जातात जास्त. म्हणून चोळायला वेळ लागतो.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

पहिलं निरीक्षण, ठिकाण ब. सकाळी दोन तास.

पाण्याच्या रकान्यात रेघाच रेघा. साबणाचा रकाना कोरा. दहा मिनिटं मला वाटत राहिलं, बायका साबण लावत नाहीत. मग उठून बेसिनजवळ गेले तर तिथं साबणच नव्हता. भिंतीवर डिस्पेन्सरची चौकट आणि चार भोकं. डबी कधीतरी गेलेली.

मग ‘साबण लावला का’ या रकान्यात मी ‘नाही’ लिहायचं की आडवी रेघ मारायची? ‘नाही’ लिहिलं तर ती बाईची सवय होते.

३० सप्टेंबर, सोमवार

पुरुषांची बाजू. त्याच्या वहीतून उतरवतेय:

“ठिकाण अ. वही-पेन घेऊन उभा राहिलो. पहिल्या पाच मिनिटांत एकानं विचारलं, ‘साहेब, महापालिकेकडनं काय?’ नाही म्हटलं तरी पटेना. त्यानं हात धुतले, पुन्हा धुतले, माझ्याकडं बघितलं, आणि आतला बल्ब गेलाय ते लिहून घ्या म्हणाला. त्याच्या मागचेही सगळे धुवायला लागले. एक तर नुसता वाट विचारायला आत आला होता, त्यानंही धुतले.”

याला हॉथॉर्न परिणाम म्हणतात. १९२४ ते १९३२ या काळात शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात कामगारांवर प्रयोग झाले, तिथून हे नाव आलं. कुणी बघतंय म्हटलं की माणूस सुधारतो. अमेरिकेतल्या सूक्ष्मजीवशास्त्र संघटनेच्या २०१० च्या पाहणीतही फोनवर ९६ टक्के लोक ‘धुतो’ म्हणाले आणि बघितलं तर धुणारे ८५ टक्के. आमच्या पोरानं उपाय काढला. वही पिशवीत, हातात मोबाईल, बोटानं नोंद. मग तो ‘साहेब’ राहिला नाही आणि धुणारेही कमी झाले.

त्यानं दोघातिघांशी बोलूनही बघितलं. एक ठरलेलं उत्तर मिळालं: “लघवीला तर गेलतो. त्याला काय हात धुवायचे?” पुरुषांच्या डोक्यात संडास आणि मुतारी यांचे दोन वेगळे कायदे आहेत. बायकांकडं हा फरक मला दिसला नाही. बायकांची अडचण दुसरीच. पुढं लिहिते.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

नवरात्राचा दुसरा दिवस. अंबाबाईच्या दर्शनाला गाव लोटलंय, महाद्वार रोडवरून चालणंही अवघड. ठिकाण अ वर बायकांची रांग पार रस्त्यापर्यंत.

आज सेकंद मोजलेच नाहीत, हात बघत बसले. आत खुंटी नाही, बेसिनला कट्टा नाही. बाईच्या खांद्यावर पर्स, एका हातात ओटीच्या सामानाची पिशवी, दुसऱ्या हातात पोरगं. जमीन ओली, त्यामुळं निऱ्या उचलून धरायच्या. नारळ आणि ताटाची पिशवी खाली ठेवायची तर कुठं? संडासाच्या ओल्या फरशीवर देवीची ओटी कोण ठेवेल! मग एक हात नळाखाली धरायचा, बोटं हलवायची, पदराला पुसायचं. एका हातानं हात धुता येत नाहीत.

एकटीनं मात्र दातांत पिशवी धरली, दोन्ही हात नीट धुतले आणि माझ्याकडं बघून हसली. तिला शहरी लिहू की ग्रामीण?

हा प्रश्न पडल्यावर संध्याकाळी आम्ही एक गंमत केली. त्याला अ समोरच्या चहाच्या गाडीवर बोलावलं. बाहेर पडणाऱ्या त्याच माणसांसमोर दोघांनी अर्धा तास वेगवेगळं ‘शहरी/ग्रामीण’ लिहायचं, एकमेकांच्या वहीत बघायचं नाही. मग जुळवलं. जुळत नाही! पांढरी टोपी, धोतर एवढ्यापुरतं ठीक. बाकी त्यानं ज्यांना ग्रामीण लिहिलं होतं, त्यातली निम्मीअधिक मला साधी, कुठलीही माणसं वाटली होती. नऊवारीतली एक आजी त्यानं ग्रामीण धरली. मी शहरी धरली, कारण तिच्या पायात शिवाजी पेठेतल्या आज्ज्या घालतात तसली चप्पल होती. हा तरी काय पुरावा झाला?

मग एक पाटलोणीतला माणूस बाहेर पडला. शर्ट बाहेर, खिशात दोन पेनं, कानामागं बिडी. माझ्या जोडीदारानं पटकन ‘ग्रा’ लिहिलं. माझे वडील हुबेहूब असेच दिसतात. मी काही बोलले नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि पेन ठेवलं.

७ ऑक्टोबर, सोमवार

दोन्ही वह्या मॅडमपुढं ठेवल्या. त्यांनी ‘कोहेनचा कॅपा’ हा आकडा काढायला लावला (१९६० ची पद्धत, दोन निरीक्षकांचं मत योगायोगानं जुळतं त्यापेक्षा किती जास्त जुळतं ते सांगते). आकडा इथं लिहीत नाही. अर्ध्या तासाच्या नमुन्याचा आकडा मिरवायचा नसतो असं मॅडम म्हणाल्या. पण तो बघून त्या हसल्या एवढं खरं.

“रकाना काढायचा का मॅडम?”

“काढू नका. भरायचा थांबवा. आणि तो फॉर्ममध्ये कसा आला ते अहवालात लिहा.”

मग त्यांनी व्हिएन्नाची गोष्ट सांगितली. माहीत होती, पण अशी नाही. १८४७, व्हिएन्नाचं सरकारी रुग्णालय. बाळंतिणींचे दोन विभाग. एकात डॉक्टर आणि वैद्यकीचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. बाळंतज्वरानं बायका मरत होत्या त्या डॉक्टरांच्या विभागात, सुइणींकडं खूप कमी. बायका हातापाया पडायच्या, आम्हाला सुइणींकडं घाला म्हणून. सेमेलवाइस या तरुण डॉक्टरच्या लक्षात आलं की विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतपणाला येतात. त्यानं क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यू काही महिन्यांत दोनेक टक्क्यांवर आले. तरी बड्या डॉक्टरांनी मनावर घेतलं नाही. तिकडं फिलाडेल्फियात चार्ल्स मेग्ज नावाच्या प्रसूतितज्ज्ञाचं म्हणणं असं की डॉक्टर म्हणजे सद्‌गृहस्थ, आणि सद्‌गृहस्थांचे हात स्वच्छच असतात.

“तुमचं गृहीतक मेग्जसाहेबांचंच आहे,” मॅडम म्हणाल्या. खोलीतून बाहेर पडेपर्यंत दोघंही गप्प.

९ ऑक्टोबर, बुधवार

ठिकाण अ वरच्या मावशींबद्दल आजवर काहीच लिहिलेलं नाही. दाराशी टेबल, त्यावर सुट्या पैशांची थाळी. पैसे घेणं, झाडणं, पाणी मारणं, कोंबलेला कागद काठीनं काढणं, सगळं त्याच करतात. पहिल्या दिवसापासून मला बसायला स्टूल त्यांनीच दिलंय.

आज त्यांनी विचारलं, “पोरी, एवढ्या रेघा मारतीस, माझी मारलीस काय?”

नव्हती मारली. आमच्या फॉर्ममध्ये ‘वापरकर्ती’ मोजायची आहे, काम करणारी नाही. त्या मघापासून कितीदा हात धुऊन आल्या, मला सांगता येईना. प्रत्येक वेळी कोपरापर्यंत, आणि साबणानं. साबण त्यांचा स्वतःचा, आतल्या फळीवर डबीत. कपड्याच्या वडीचा तुकडा.

“बाहेर ठेवत नाही का?”

“ठिवला तर ऱ्हातोय व्हय? कंत्राटदार देतोय एखादी वडी, ती सकाळी ठिवली की दुपारी गायब. मग बायका मलाच बोलत्यात, साबण ठेवत नाही म्हणून.”

कोण नेतं, विचारलं. “बाहेरगावच्या.” मग जरा थांबून, “न्हाईतर कॉलेजच्या पोरी.” माझ्याकडं बघून हसल्या. शिक्के मारायला सगळ्यांकडं आहेत. फक्त त्यांचा शिक्का कुणाला लागत नाही.

नंतर तासभर मी फक्त टेबल बघत बसले. बहुतेक बायका नाणं थाळीत टाकतात, ते ठीक. पण मावशी सुटे परत द्यायला हात पुढं करतात तेव्हा बऱ्याच जणी म्हणतात, “तिथं ठेवा.” मावशी ठेवतात, बाई उचलते. यातल्या दोघी तरी आतून हात न धुता आल्या होत्या. मी बघितलंय, माझ्या वहीत त्यांच्या नावानं रेघ नाही. ज्यांचे हात पाच मिनिटांपूर्वी साबणानं धुतलेले, त्यांच्या हाताला लागायचं नाही म्हणून न धुतलेला हात आखडून घेतला जातो.

मावशींना विचारायचं धाडस झालं नाही. त्यांनीच माझी नजर ओळखली असावी. “चालायचंच,” एवढंच म्हणाल्या आणि बादली उचलून आत गेल्या.

पहिल्या दिवशी मी पैसे थाळीत टाकले होते की हातात दिले होते? आठवत नाही. आठवत नाही हे काही चांगलं लक्षण नव्हे.

भाऊसिंगजी रोडनं परत येताना गंगाराम कांबळे डोक्यात. शाळेत शिकलेलं. पागेतल्या हौदाच्या पाण्याला शिवला म्हणून या माणसाला मार बसला. शाहू महाराजांनी त्याला चहाचं हॉटेल काढून दिलं ते याच रस्त्यावर. स्वतः गाडी थांबवून तिथला चहा मागवायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावायचे. धड्याखालचा प्रश्न होता, ‘यातून महाराजांचा कोणता गुण दिसतो?’ पाच गुण. हौदाचं पाणी स्वच्छ होतं की नाही, हे तेव्हाही कुणी विचारलं नसणार.

१० ऑक्टोबर, गुरुवार

ठिकाण क वर नळ कोरडा, टाकीच रिकामी. आजचं निरीक्षण रद्द.

चहा पिताना त्यानं २०१९ च्या पुराचं सांगितलं. पंचगंगा गावात शिरली, उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि चहूकडं पाणी असताना शहरातले नळ कोरडे. “आमच्या घरी तेव्हा संडासला एक बादली आणि हाताला एक मग. आई साबण लपवून ठेवायची, धुवायला पाणी जास्त लागतं म्हणून.” राजारामपुरीत, शिकलेल्या घरात. हे त्यानं आपणहून सांगितलं. त्याला मेग्जसाहेब लागलेले दिसतात.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

जागतिक हात धुणे दिन (२००८ पासून पाळतात). आमचा छोटा प्रयोग आजपासून. लंडनवाल्यांचा संदेश मराठीत करायचा होता. ‘आपल्या शेजारील व्यक्ती साबण वापरत आहे काय?’ हे वाचून कुणी हात धुणार नाही, नोटीस समजून पुढं जाईल. तो म्हणाला, “कोल्हापुरीत लिही की.” शेवटी पुरुषांकडं ‘भावा, हात धुतलास काय?’ आणि बायकांकडं ‘वैनी, शेजारची साबण लावतीय, बघितलंसा काय?’

साबणाशिवाय साबणाची पाटी लावणं म्हणजे थट्टाच, म्हणून आम्ही वर्गणी काढून वड्या घेतल्या. कांद्याच्या पोत्याची लाल जाळी कापून पिशव्या शिवल्या, वडी आत घालून नळाला बांधली. ही युक्ती मावशींची. जाळीमुळं चोळायलाही बरं पडतं.

दुपारी आचारसंहिता लागली. आमच्या पाट्या उतरवतील का, अशी भीती त्याला. मी म्हटलं, आपण उमेदवार नाही.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

जाळी टिकली! अ वर तीनही दिवस. ब वर पहिल्याच दुपारी जाळीसकट गेली. दुसऱ्यांदा बांधली, पुन्हा गेली. मग वडी सोडून दिली. कपड्याची पावडर पाण्यात विरघळवून बाटलीत भरली आणि झाकणाला दाभणानं भोक पाडलं. बाटली कुणी नेत नाही. साबणाच्या पाण्याचा कुणाला मोह होत नसावा.

अ वर मावशींनी आणखी एक केलं. घरून दोन मोठे खिळे आणून भिंतीत ठोकले, पिशव्या अडकवायला. आमच्या प्रयोगात हे नव्हतं. आता बायका जास्त धुताहेत ते पाटीमुळं, साबणामुळं की खिळ्यांमुळं, हे वेगळं करता येणार नाही. मॅडम ओरडणार. पण मी मावशींना खिळे काढा म्हणणार नाही.

एक बाई पाटी वाचून जोरात हसली आणि शेजारणीला म्हणाली, “लाव गं, लिवून घ्यायल्यात!” म्हणजे हॉथॉर्न पुन्हा आलाच.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

पुरुषांकडच्या पाटीखाली ब ठिकाणी कुणीतरी बॉलपेननं उत्तर लिहिलंय. ‘भावा, हात धुतलास काय?’ खाली ‘पाणी सोड मग धुतो.’ त्याखाली दुसऱ्याच अक्षरात ‘नळ डावीकडं फिरव येड्या.’ त्यानं फोटो काढलाय. अहवालात परिशिष्ट म्हणून लावायचा त्याचा हट्ट, माझाही.

२६ ऑक्टोबर, शनिवार

अहवाल दिला. गृहीतकाचा निकाल: तपासता आलं नाही. कारण पेहरावावरून पार्श्वभूमी ठरवणारी पद्धत दोन निरीक्षकांतच जुळली नाही. साबणाच्या रकान्याचे आम्ही तीन केले: ‘साबण होता आणि लावला’, ‘होता पण लावला नाही’ आणि ‘नव्हताच’. तिसऱ्यातच सगळ्यात जास्त रेघा. मॅडमनी खिळ्यांबद्दल ओरडा दिला, पण तो परिच्छेद ठेवायला सांगितला.

मावशींच्या रेघांसाठी वेगळं पान जोडलंय. शेवटच्या दिवशी सकाळी आठ ते बारा त्यांना विचारून, त्यांच्यासमोर मोजल्या. मध्येच त्या ओरडून सांगायच्या, “ही धर गं, आत्ताची ऱ्हायली!”

हिशेब: वर्गणीतल्या चार वड्या उरल्या. तीन अ वर, एक क वर. जाळ्यांच्या पिशव्या मावशी स्वतः शिवणार म्हणाल्या, फक्त पोतं आणून द्यायचं आहे. लक्ष्मीपुरीत सोमवारी मिळेल.